केशरबाईची घागर

१

आखाजीच्या दिवशी सकाळी सहाला लिंबायतच्या नळाला पाणी आलं, आणि योगिताने पहिला हंडा आजीमायच्या घागरीसाठी बाजूला काढला.

खानदेशातून सुरतेला आलेल्या घरांनी बरंच काही मागे टाकलं होतं, पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, टाकली नव्हती. गल्लीतल्या लिंबाला पोरींचे झोके बांधलेले होते. घराघरांत सांजोऱ्या तळून झाल्या होत्या. वर्षभरात घरातलं कोणी गेलं असेल, तर त्याच्या नावाची कोरी घागर भरायची, तिच्यावर छोटं मडकं आणि मडक्यावर खरबूज ठेवायचं. गेलेलं माणूस त्या दिवशी येतं आणि पाणी पिऊन तृप्त होऊन जातं, असं सगळे म्हणत. योगिताही म्हणायची. म्हणणं वेगळं आणि मानणं वेगळं.

ती बारडोलीहून आदल्या दिवशीच आली होती. सासर तिथलं, नवरा प्रफुल्ल साखर कारखान्यात. माहेर म्हणजे पोपटकाकाचं हे तीन खोल्यांचं घर. आईबाप लहानपणीच गेले, तिला वाढवलं ते केशरबाईने, तिच्या आजीमायने. केशरबाई साठी उलटली तरी घरी बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. तिच्या तोंडाला सगळी गल्ली वचकून असे. कारखान्यातल्या एका मुकादमाने कामावरच्या पोरीचा हात धरला, तेव्हा भर रस्त्यात त्याला चप्पल मारणारी हीच बाई. योगिताला शाळेतून काढावं असं काकाच्या मनात आलं, तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. योगिता बारावी झाली ती त्या दोन दिवसांमुळे.

आता बाहेरच्या खोलीत त्याच केशरबाईचा मोठा रंगीत फोटो लावला होता. जरीची माळ, बाजूला लाल दिवा. दारापुढे मांडव. दुपारी भाऊबंदांचं जेवण. येईल त्याला काका सांगत होता की, आईची सेवा करायला मिळाली, मी भाग्यवान.

योगिताने ते तीनदा ऐकलं आणि तिच्या दाढा एकमेकींवर घट्ट बसल्या.

गेल्या भाद्रपदात सुरतेत प्लेग आला तेव्हा सगळं शहर तोंडाला रुमाल बांधून पळत सुटलं होतं. काकाने बारडोलीत शेजारच्या दुकानावर फोन केला होता, की आम्ही सगळे गावी निघालो, आईला घेऊन, तू काळजी करू नको. योगिताने काळजी केली नाही. पंधरा दिवसांनी निरोप आला, की आजीमाय ऐन वेळी यायला तयार झाली नाही, घरीच राहिली, मागच्या खोलीत झोपेत गेली, आम्ही परतल्यावर कळलं, सगळं उरकलं. तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. सुरतेला जायचं नाही म्हणून सासूने तिला दारात अडवलं होतं, आणि ती अडली होती. तो राग तिचा स्वतःवरचा होता. तो काकावरच्या रागापेक्षा जास्त जळायचा.

घागर बाहेर फोटोखाली ठेवायची, म्हणजे पाहुण्यांना दिसेल, असं काकाचं म्हणणं. योगिता म्हणाली, "जिथे ती गेली तिथेच ठेवणार." घरात सगळे अहिराणी बोलत, पण राग आला की योगिता शाळेतल्या मराठीत बोले. काकीला, सुंदराबाईला, ते ठाऊक होतं. ती चुलीकडे वळली.

मागची खोली स्वयंपाकघराच्या पलीकडे होती. वर पत्रा, एक हात लांबीचा उंच झरोका, आणि दाराला बाहेरून लोखंडी कडी. योगिताने घागर गळ्यापर्यंत भरली, मडकं ठेवलं, खरबूज ठेवलं आणि हात जोडले. शेजारच्या कारखान्यातले लूम खडखडत होते. त्या आवाजात तिला जरा बरं वाटलं.

२

नऊच्या सुमारास ती फुलं ठेवायला गेली, तेव्हा खरबूज जमिनीवर होतं.

घरंगळलेलं नव्हतं. कोणी नीट उचलून ठेवावं तसं भिंतीला टेकवून ठेवलेलं, आणि त्याच्याशेजारी छोटं मडकं, पालथं. घागरीत पाणी नव्हतं. थेंबही नाही.

तिने जमीन चाचपली. फरशी कोरडी, वैशाखातल्या फरशीसारखी कोमट. घागर उचलून झरोक्याच्या उजेडात फिरवली. तडा नाही, भोक नाही. बोटाने वाजवली तर खणखणीत.

काकाने मांडवातूनच उत्तर दिलं, की कोरं मडकं पाणी शोषून घेतं, एवढी शिकलेली तू आणि एवढंही माहीत नाही का. ते खरंच होतं. पण कोरं मडकं ओंजळभर शोषेल, दोन ओंजळी शोषेल. अख्खी घागर शोषली तर माती नुसती निथळत असायला हवी होती. ती तर भट्टीतून आत्ता काढल्यासारखी लागत होती.

काकीला तिने विचारलं, की तुम्ही आत गेला होता का. सुंदराबाई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "मी त्या खोलीमा जात नही. भाद्रपदापासून जात नही."

"का?"

काकीने लाटलेली पुरणपोळी तव्यावर टाकली. ती फाटली. ती कधी फाटत नसे.

योगिताने मनाशी ठरवलं, की हे काकाचंच काम. फोटोखाली घागर ठेवू दिली नाही म्हणून कोणाकडून तरी पाणी ओतवलं असणार. एवढा मोठा माणूस आणि असली पोरकट खोडी. हे ठरल्यावर तिला जवळपास समाधान वाटलं. माणसावर रागवता येतं.

३

तिने पुन्हा घागर भरली. या वेळी भोवती तांदळाच्या पिठाचं कडं घातलं, दाट, हातभर रुंद. ते ओलांडल्याशिवाय घागरीला हात लागणार नव्हता. दार ओढलं, कडी लावली आणि स्वयंपाकघरात दाराकडे तोंड करून कुरडया तळायला बसली. आत कोणी गेलं नाही. तिच्या नजरेसमोरून मांजरही गेलं नाही.

साडेदहाला वीज गेली. गल्लीतले पंखे थांबले, आणि एकेक करत कारखान्यांतले लूमही. लिंबायतमध्ये अशी शांतता क्वचितच होते. माणसाला आपलाच श्वास परका वाटावा अशी.

त्या शांततेत आतून आवाज आला.

ठण.

बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, ठण. पितळ भिंतीवर आपटल्यासारखा. जोर नसलेल्या हाताने मारल्यासारखा.

काकीने ऐकलं होतं. तिच्या हातातलं लाटणं पोळीवरच थांबलं होतं. योगिताने तिच्याकडे पाहिलं, काकीने पाहिलं नाही.

योगिताने कडी काढली. खरबूज पुन्हा भिंतीशी. मडकं पालथं. पिठाचं कडं जसंच्या तसं होतं, त्यावर मुंगीचंसुद्धा पाऊल नव्हतं. घागर रिकामी होती. आणि खोलीत पितळेचं काही म्हणता काही नव्हतं.

ती पळाली नाही. आवाज डावीकडच्या भिंतीतून आला होता, शेजारच्या शांताबाईच्या घराला लागून असलेल्या. ती भिंतीशी उकिडवी बसली. भिंतीला नवा चुना दिलेला होता, फक्त या एकाच भिंतीला. चुन्याखाली खळगे होते. चंद्रकोरीसारखे, अंगठ्याएवढे, एकावर एक. पितळी तांब्याच्या काठाने पडतात तसे. बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला तीन-चार हात रुंदीची सगळी भिंत तशी होती.

झोपेत गेलेली बाई भिंत ठोकत नाही.

योगिताने एका खळग्यात अंगठा ठेवला. तो बरोबर बसला. भीती तेव्हा कुठल्या कुठे गेली. संताप तेवढा उरला.

४

शांताबाई भुसावळकडची. नवरा रेल्वेत. प्लेगच्या दिवसांतही त्याची ड्युटी चालू होती, म्हणून गल्लीत मागे राहिलेलं ते एकच घर. घरातल्या नळाचं पाणी गेलं होतं, पण शांताबाईच्या दाराशी पिंप भरलेलं होतं. योगिता हंडा घेऊन तिच्याकडे गेली आणि पाणी मागायच्या आधी विचारलं, की मावशी, गेल्या भाद्रपदात तुम्ही काय ऐकलं?

शांताबाईने आधी हंडा भरला. मग ओटीवर बसली. पदराने हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी.

"तुझ्या काकाने जाताना मला सांगितलं होतं, सगळे निघालो, घर रिकामं आहे, लक्ष ठेवा. मी कुलूप लागताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर ठणठण सुरू झाली."

"मग?"

"रिकाम्या घरातून आवाज येतो म्हटल्यावर माणूस काय समजेल, बाई? गल्लीत चिटपाखरू नाही. दर तासाला कोणी ना कोणी मेल्याच्या बातम्या. मी देवाचं नाव घेतलं आणि दार-खिडक्या लावून घेतल्या. कानात कापूस घातला." ती थांबली. "चार दिवस होता. शेवटी शेवटी अगदी हळू. मला वाटलं, गेलं बरं झालं."

लिंबाखाली पोरी झोक्यावर हसत होत्या.

"जिवंत बाईला मी भूत समजले, योगिता," शांताबाई म्हणाली. "तुझा काका परत आल्यावर मला कळलं. तेव्हापासून मी कोणाला सांगितलं नाही. त्यालाही विचारलं नाही."

योगिताला वाटलं, हिच्या थोबाडीत मारावी. आणि लगेच वाटलं, आपण तरी काय केलं होतं? सासूने दारात हात आडवा धरला, आणि आपण आत फिरलो. तिने हंडा उचलला. उपकार मानले नाहीत.

५

बारा वाजले होते. मांडवात चाळीसेक माणसं सतरंज्यांवर बसली होती, आमरसाची पातेली झाकून ठेवली होती. घागर भरल्याशिवाय आगारी टाकायची नाही, आणि गोवरीच्या निखाऱ्यावर पितरांचा घास पडल्याशिवाय पंगत सुरू व्हायची नाही. पोपटकाका नवीन टोपी घालून सगळ्यांना आईच्या आठवणी सांगत होता. डोळ्यांत पाणीही होतं. ते खरं होतं, हेच योगिताला सहन होईना.

तिने सगळ्यांसमोर हंडा त्याच्या पायाशी ठेवला.

"काका, घागर रिकामी आहे. लेकाच्या हाताने भरावी लागते."

काका म्हणाला, की तूच भर, तू काय आणि मी काय. पण भाऊबंदांत वडील असलेले धुडकूआप्पा म्हणाले, की पोरगी बरोबर बोलते, पहिला मान लेकाचा. चार जणांनी माना हलवल्या. काकाने हंडा उचलला. स्वयंपाकघरातून जाताना त्याची आणि काकीची नजरानजर झाली. काकी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

खोलीच्या उंबऱ्याशी तो थांबला. योगिता मागेच होती. मग तो आत गेला, पिठाचं कडं पायाने मोडलं आणि वाकून ओतू लागला.

"आजीमाय कशी गेली?" योगिताने विचारलं.

"झोपमा गयी. किती वेळा सांगू?"

योगिताने दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली.

पुढे कित्येक वर्षं तिला हे आठवत राहिलं, की कडी लावताना हात जराही थरथरला नव्हता.

६

काकाने आरडाओरडा केला नाही. मांडवात माणसं होती. दाराला तोंड लावून तो हळू आवाजात म्हणाला, की हे काय चालवलंस, उघड. मग शिवी दिली. मग विनवलं. योगिताने कडीला हात लावला नाही. तशी त्याच्या तोंडून एकेक गोष्ट बाहेर पडू लागली. आईला ताप होता. खोकला होता. टेम्पोवाला खोकणाऱ्याला बसवून घेत नव्हता. स्टेशनावर तपासतात, एकाला ताप असला तर सगळ्या घराला अडकवतात, असं सगळे सांगत होते. घरात लहान लेकरं होती. दोन दिवसांत परत येणार होतो. माठ भरून ठेवला होता, भाकरी ठेवल्या होत्या. ती पुढच्या खिडकीत येऊन हाका मारील, लोकांना कळेल, म्हणून फक्त...

तो बोलत असतानाच योगिताला दुसरा आवाज ऐकू आला.

घटघट. कोणीतरी घागरीलाच तोंड लावून, श्वास न घेता पाणी पीत होतं. तिला वाटलं, काकाच पितोय. पण काकाचं बोलणं चालू होतं. एका तोंडाने माणूस दोन्ही करू शकत नाही.

मग काकालाही ते ऐकू आलं असावं. तो वाक्याच्या मध्येच थांबला. आत काहीतरी सरपटत मागे गेल्याचा आवाज झाला. नंतर काहीच नाही.

योगिता दाराला कान लावून उभी होती. लोखंडी कडी उन्हात ठेवल्यासारखी गरम झाली होती, आणि त्या बाजूला ऊन येत नाही.

ठण. भिंतीवर नाही. दारावर, आतून. तिच्या गुडघ्याच्या उंचीला.

"योगी," कोणीतरी म्हणालं. जिभेला ओल नसलेलं बोलणं. "कडी काढ वं माय."

काकाला कोंडायला निघाली होती ती. आत दुसरं कोण आहे, याचा तिने विचारच केला नव्हता. ज्या दाराआड आजीमायने जीव सोडला, त्याच दाराला आज तिने कडी घातली होती. स्वतःच्या हाताने, रागाच्या भरात, तिच्याच नावाने.

"काढते," ती म्हणाली. "काढते, काढते." कडी निघेना. ती दोन्ही हातांनी झोंबली, नखं मोडली, बोटं भाजली. शेवटी निघाली.

दार उघडलं. काका समोरच्या कोपऱ्यात होता, दारापासून सगळ्यात लांब. गुडघे पोटाशी, तोंड भिंतीत.

योगिताने खाली पाहिलं नाही. पण लुगड्याचा ओला काठ तिच्या पावलावरून गेला. नजर वळवायच्या आत तिला उंबरा ओलांडणारी एक टाच दिसली. एकच. उन्हाळ्यातल्या रानासारखी भेगाळलेली, आणि प्रत्येक भेगेत पाणी भरलेलं.

७

आरडाओरड झाली नाही. मांडवातल्या कोणी काही पाहिलं नव्हतं. पण बाहेर आल्यावर योगिताला शांताबाई आपल्या पायरीवर हंडा कमरेवर घेऊन उभी असलेली दिसली. तिचा पदर भिजला होता.

"कोणीतरी पाणी मागितलं," ती योगिताजवळ येऊन म्हणाली. "ओंजळ पुढे आली. मी वर पाहिलं नाही. नुसती ओतत राहिले. अर्धा हंडा गेला." तिने भिजलेला पदर पिळला. "या वेळी मी दार लावून घेतलं नाही."

तेवढ्यात काका बाहेर आला. टोपी नव्हती. त्याने मांडवातल्या माणसांकडे पाहिलं, तोंड उघडलं, पण जीभ टाळूला चिकटल्यासारखी झाली होती. तो हाताने पाणी मागू लागला. काकीने घरात जाऊन पाहिलं. माठ, पिंप, कळशी, सगळं कोरडं होतं. ती रिकामी कळशी घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली.

पाणी फक्त शांताबाईच्या हंड्यात होतं. शांताबाईने योगिताकडे पाहिलं. मग धुडकूआप्पांनी पाहिलं. मग सगळ्यांनी.

योगिताने हंडा घेतला. काका तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याने ओंजळ धरली.

"आधी सांगा," ती म्हणाली. "यांना सगळ्यांना."

काकाने मान हलवली, हाताने पुन्हा खूण केली. ती हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते पाहून, गल्लीतल्या म्हाताऱ्यांना मुकादमाला चप्पल मारणारी केशरबाई आठवली, असं नंतर लोक सांगत.

शेवटी काका बोलला. एकेक शब्द ओरबाडून काढल्यासारखा.

"माय जित्ती व्हती. कडी मी लायी."

धुडकूआप्पा आधी उठले. पायात चपला घातल्या आणि चालू लागले. मग दुसरे, मग तिसरे. पातेली झाकलेलीच राहिली.

योगिताने हंडा कलता केला. काका पिऊ लागला. ती ओतत होती आणि तो पीत होता, मधे श्वासही न घेता. छाती भिजली, सदरा भिजला. हंडा हलका होत गेला आणि शेवटचा थेंब पडला. योगिताने हंडा पालथा करून दाखवला.

काकाची ओंजळ तशीच पुढे धरलेली होती.